पायाखालच्या रंगाची परीक्षा

भिंतीवरच्या रंगाला वर्षानुवर्षे कुणाचा हात लागत नाही. जमिनीवरच्या रंगाचे नशीब तसे नसते. त्याच्यावरून दिवसभर पावले जातात, चपलेच्या तळाला चिकटलेली वाळू घासली जाते, खुर्च्या-टेबले ओढली जातात, पाणी सांडते आणि पुसलेही जाते. हे सगळे सोसायचे ते केसाएवढ्या जाडीच्या थराने. डब्यातले रंगद्रव्य छटा देते. टिकाव धरण्याचे काम वार्निशचे, म्हणजे तेल आणि राळ यांच्या मिश्रणाचे. फ्लोअर पेंट तयार करताना प्रयोगशाळेत कसोटी लागते ती या मिश्रणाची.

आधी तेलाकडे पाहू. जवसाचे तेल लाकडावर पातळ फासले तर काही दिवसांत त्याचा कोरडा थर बनतो. खोबरेल मात्र महिनाभर ठेवले तरी ओलेच राहते. जवसाच्या तेलातल्या मेदाम्लांत दुहेरी बंध भरपूर असतात. हवेतला ऑक्सिजन त्या बंधांपाशी जोडला जातो, शेजारचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि त्यांचे घट्ट जाळे होते. पाणी वाळते तेव्हा उडून जाते. हे तेल वाळताना उलट ऑक्सिजन घेते आणि सुरुवातीला त्याचे वजन १० टक्क्यांहून अधिक वाढते.

तेल वाळेल की नाही, याचा अंदाज आयोडीन मूल्यावरून येतो. १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषते, तो हा आकडा. जवसाचा साधारण १७० ते २००, करडईचा १४० च्या आसपास, एरंडेलाचा ८५ च्या आसपास, तर खोबरेलाचा जेमतेम १०. विदर्भात पिकणारे जवस आणि सोलापूर-मराठवाड्यातली करडई, दोन्ही रंगाच्या कामाची पिके आहेत. जवस लवकर वाळते, पण अंधाऱ्या खोलीत पिवळे पडते. करडईला वाळायला वेळ लागतो, पण पांढरा रंग पांढरा राहतो. एरंडेल जसेच्या तसे वाळत नाही. रासायनिक प्रक्रियेने त्यातून पाणी काढून टाकले की नवा दुहेरी बंध तयार होतो आणि तेही वाळू लागते.

नुसत्या तेलाचा थर मऊ राहतो. कठीणपणा आणि चकाकी येते राळेतून. एकोणिसाव्या शतकात न्यूझीलंडमधल्या कौरी वृक्षांची राळ दलदलीतून खणून काढली जाई आणि ऑकलंडहून लंडन-अमेरिकेतल्या वार्निशच्या कारखान्यांकडे रवाना होई. विसाव्या शतकात तिची जागा फिनॉलिक आणि अल्किड या कृत्रिम राळांनी घेतली. प्रमाणाचा प्रश्न मात्र कायम राहिला. तेल जास्त घातले तर थर लवचीक होतो, उन्हापावसात फुगणाऱ्या-आकसणाऱ्या लाकडाबरोबर तो ताणला जातो. बोटीला असेच वार्निश लागते. पण जमिनीवर त्याच थरावर टेबलाच्या पायांचे वळ उठतात. राळ वाढवली तर तो झटपट वाळतो, कडक होतो आणि तेवढाच ठिसूळही होतो. हवे असलेले गुण असे एकमेकांच्या मुळावर उठतात. त्यामुळे एका चाचणीवर विसंबून चालत नाही.

ही ओढाताण मोजण्याची एक जुनी पद्धत मोठी कल्पक आहे. वार्निशमध्ये कौरी राळेचे द्रावण मोजून मिसळायचे, म्हणजे त्याला मुद्दाम ठिसूळ करायचे. मग पत्र्यावर त्याचा थर द्यायचा, भट्टीत तापवायचा, थंड झाल्यावर ३ मिलिमीटरच्या सळईवर पत्रा झटकन वाकवायचा आणि थराला तडे गेले का ते पाहायचे. तडा जाईपर्यंत कौरीचे प्रमाण वाढवत न्यायचे. जितकी जास्त कौरी पचेल, तितके वार्निश मुळात चिवट.

कडकपणासाठी लंबक वापरतात. थरावर दोन बारीक गोळ्यांवर टेकलेला लंबक ६ अंशांवरून सोडायचा आणि झोका ३ अंशांवर यायला किती वेळ लागतो ते मोजायचे. नुसत्या काचेवर सुमारे २५० सेकंद लागतात; थर जितका मऊ, तितका झोका लवकर मंदावतो. झीज मोजताना फिरत्या चकतीवर रंगवलेला नमुना ठेवून त्यावर दोन खरखरीत चाके टेकवतात. बहुधा १००० फेऱ्यांनंतर नमुन्याचे वजन किती मिलिग्रॅम घटले, ते निकालात लिहितात. दुसऱ्या चाचणीत सुमारे ९१ सेंटिमीटर लांबीच्या उभ्या नळीतून ४५ अंशांत ठेवलेल्या नमुन्यावर वाळू सोडतात. थर भेदून खालचा पृष्ठभाग उघडा पडायला किती लिटर वाळू लागली, यावरून निकाल ठरतो.

थर कितीही चिवट असला तरी खालची जमीन त्याला साथ देईलच असे नाही. ताज्या सिमेंटच्या कोब्याचा सामू (pH) १२ च्या वर असतो, म्हणजे तो तीव्र अल्कधर्मी असतो. ओल आणि हा अल्कली एकत्र आले की तेलातले एस्टर बंध तुटतात आणि रंगाच्या खालच्या बाजूला चक्क साबण तयार होतो. थर चिकट होतो, सुटतो. फिनॉलिक राळ घातलेले वार्निश साध्या तेलापेक्षा इथे बरे टिकते. ओलसर, अल्कधर्मी काँक्रीटवर इपॉक्सी त्याहून सरस ठरते. म्हणून रंगाआधी कोबा निदान २८ दिवस मुरू द्यावा. साधारण ४५ सेंटिमीटर चौरस प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून १६ तास ठेवावा. आतून थेंब दिसले किंवा कोबा काळपट पडला, तर रंगकाम पुढे ढकलावे. गुळगुळीत चकाकी डोळ्यांना कितीही भावली तरी घरात वृद्ध माणसे असतील तर ओल्या जमिनीवर पाय घसरतो का, हेही तपासलेच पाहिजे.

दुकानात फक्त छटा पाहून डबा उचलू नका. तो लाकडासाठी आहे की सिमेंटसाठी, पूर्ण कडक व्हायला किती दिवस लागतात आणि झिजेची चाचणी झाली आहे का, हे विचारा. वर्दळीच्या जागी हातभर पट्टा रंगवून पुरेसे दिवस जाऊ द्या. मग त्यावर ब्लेडने आडव्या-उभ्या रेघा मारून चिकटपट्टी लावा आणि झटक्यात ओढा. चौकोन सुटून आले, तर पूर्ण खोलीचा खर्च वाचला असे समजा.

आणखी एक गोष्ट कधीच विसरू नका. जवसाचे तेल वाळताना उष्णता बाहेर पडते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवला तर ती आतच कोंडते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी फिलाडेल्फियातल्या ‘वन मेरिडियन प्लाझा’ या ३८ मजली इमारतीत लागलेल्या आगीचे मूळ अशाच चिंध्यांत होते. त्या आगीत अग्निशमन दलाच्या तीन जवानांचा जीव गेला. बेलतेल (उकळलेले जवसाचे तेल) किंवा तेलाचे वार्निश वापरल्यावर चिंध्या घराबाहेर मोकळ्या पसरून वाळवा, नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.