हातातील दैनंदिनी आणि मुक्त सॉफ्टवेअर : महाविद्यालयीन प्राध्यापकांसाठी उपयुक्त साधनांचा परिचय

प्रस्तावना

प्राध्यापकाच्या खिशात पूर्वी एक छोटी वही असे. तासिकांचे वेळापत्रक, सभांच्या तारखा, सहकाऱ्यांचे पत्ते, वाचलेल्या ग्रंथांतील टिपणे या सर्वांना त्या वहीत जागा मिळे. आज तिची जागा हातात मावणाऱ्या यंत्राने घेतली आहे. वहीत लिहिलेले मात्र वही जपली तर वाचता येत असे. यंत्रात लिहिलेले यंत्र जपूनही वाचता येईलच, अशी खात्री देता येत नाही.

याचा अनुभव प्रस्तुत लेखकाने घेतला आहे. एम.फिल.च्या लघुप्रबंधासाठी २०१४ मध्ये लोणी काळभोर व थेऊर परिसरातील वयोवृद्ध शेतकऱ्यांकडून मोटेच्या शेतीतील शब्द संकलित केले होते. नाडा म्हणजे मोट ओढण्याचा जाड दोर, सोंदूर म्हणजे तिच्या सोंडेला बांधलेली बारीक दोरी, धाव म्हणजे बैलांच्या ये-जा करण्याची उतरती वाट, थारोळे म्हणजे मोट रिकामी होण्याची जागा. असे शब्द, त्यांचे स्थानिक उच्चार आणि सांगणाऱ्याने दिलेले प्रसंग यांची नोंद बांधावर बसूनच भ्रमणध्वनीवरील एका विनामूल्य टिपण-सुविधेत केली जात असे. काही वर्षांनी ती सुविधा बंद झाली. तिच्यातून बाहेर काढलेली फाईल अन्य कोणत्याही कार्यक्रमात उघडेना. लघुप्रबंधात छापले गेले तेवढे शब्द उरले, बाकीच्या नोंदी गेल्या. सांगणाऱ्यांपैकी अनेकजण आज हयात नाहीत, त्यामुळे पुन्हा विचारण्याचीही सोय राहिलेली नाही. यंत्र शेवटपर्यंत उत्तम चालत होते. चूक सॉफ्टवेअरच्या निवडीत झाली होती.

अशी चूक अन्य सहकाऱ्यांकडून होऊ नये, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे. हातातील यंत्रासाठी सॉफ्टवेअर निवडण्याचे निकष स्पष्ट करणे आणि त्या निकषांना उतरणारी मुक्त साधने व मराठी आंतरजाल-स्रोत यांचा परिचय करून देणे, ही या लेखाची दोन उद्दिष्टे आहेत.

पार्श्वभूमी : यंत्रे येतात आणि जातात

अ‍ॅपल कंपनीचे न्यूटन हे यंत्र १९९३ मध्ये बाजारात आले. त्यानंतर १९९६ मध्ये आलेल्या पाम पायलटने ‘हातातील दैनंदिनी’ ही कल्पना लोकप्रिय केली. पायलटच्या पहिल्या प्रतिरूपाची स्मृती अवघी १२८ किलोबाइट होती. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत एका देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात. सुमारे दोन हजार चिन्हांचे एक पान धरले, तर त्या संपूर्ण स्मृतीत मराठीची वीस-एकवीस पाने मावली असती. प्रत्यक्षात तीही मावत नव्हती, कारण त्या यंत्राच्या मूळ प्रणालीत देवनागरीची सोयच नव्हती. पुढे २०१० मध्ये ह्यूलेट-पॅकार्डने पाम कंपनी विकत घेतली आणि २०११ मध्ये त्या यंत्रांचे उत्पादन थांबविले. दीड दशकात एक संपूर्ण परंपरा संपली.

भारतीय भाषांचा विचार करून घडविलेले हातातील यंत्र म्हणून सिम्प्युटरचा उल्लेख करावा लागेल. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एन्कोर या कंपनीतील अभियंते यांनी एकत्र येऊन हा प्रकल्प उभा केला. त्याचे आद्य प्रतिरूप २००१ मध्ये प्रकाशात आले आणि २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या सहकार्याने ‘अमिदा’ हे प्रतिरूप विक्रीस आले. लिनक्स ही मुक्त प्रणाली, भारतीय भाषांतील मजकूर आणि एका यंत्रात अनेकांनी आपापले कार्ड घालून काम करण्याची सोय ही त्याची वैशिष्ट्ये होती. अपेक्षित खप न झाल्याने सिम्प्युटर मागे पडला. त्यातील विचार मात्र पुढे टिकला. आज बहुसंख्य भारतीयांच्या हातात असलेली अँड्रॉइड प्रणालीही लिनक्सच्याच गाभ्यावर उभी आहे.

महाराष्ट्रातील उदाहरण वारणानगरचे आहे. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पात वारणा खोऱ्यातील गावांमध्ये संगणक केंद्रे उभारण्यात आली. ऊस उत्पादकांना आपल्या उसाचे वजन, तोडणीचा परवाना अशी माहिती तेथे मिळत असे. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी सात गावांत एक प्रयोग केला. केंद्रातील संगणकाच्या जागी साधा भ्रमणध्वनी ठेवून तीच माहिती लघुसंदेशाद्वारे दिली आणि २००७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मूळ नोंदी कारखान्याच्या संगणकात होत्या, त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा दरवाजा तेवढा बदलला. प्राध्यापकाच्या नोंदींनाही हाच न्याय लागू पडतो. नोंद यंत्रापासून वेगळी करता आली, तरच ती एका यंत्रातून दुसऱ्यात जाऊ शकते.

‘फुकट’ आणि ‘मुक्त’ यांतील भेद

इंग्रजीतील ‘फ्री’ या शब्दाने जो घोटाळा होतो, तो मराठीत होण्याचे कारण नाही. आपल्याकडे फुकट आणि मुक्त असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. फुकट सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत, एवढेच. मुक्त सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरण्याचे, त्याची रचना अभ्यासण्याचे, त्यात बदल करण्याचे आणि ते इतरांना देण्याचे स्वातंत्र्य परवान्याद्वारे मिळते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पापासून हा विचार रूढ झाला.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. ‘सिंपल मोबाइल टूल्स’ हा दिनदर्शिका, टिपणवही, संपर्कसूची इत्यादी कार्यक्रमांचा संच अँड्रॉइडवर लोकप्रिय होता. त्याच्या मूळ कर्त्याने २०२३ च्या अखेरीस तो एका कंपनीस विकला. तथापि त्याची संहिता मुक्त परवान्याखाली असल्याने इतर सहभागी विकासकांनी ती घेऊन ‘फॉसिफाय’ या नावाने तेच कार्यक्रम पुढे चालू ठेवले. प्रस्तुत लेखकाची टिपण-सुविधा फुकट होती, मुक्त नव्हती. म्हणून ती बंद पडल्यावर तिला वारस मिळाला नाही.

निवडीचे तीन निकष

कोणतेही साधन स्वीकारण्यापूर्वी पुढील तीन प्रश्न विचारावेत.

पहिला निकष नोंद बाहेर काढता येण्याचा. टिपणांसाठी साधा मजकूर, दिनदर्शिकेसाठी आयसीएस, संपर्कांसाठी व्हीसीएफ, याद्यांसाठी सीएसव्ही आणि ग्रंथांसाठी ईपब हे खुले फाईल-प्रकार आहेत. त्यांची रचना जाहीर असल्याने अनेक कार्यक्रम ते वाचू शकतात. ही परीक्षा पहिल्याच दिवशी घ्यावी. पाच नोंदी कराव्यात, त्या बाहेर काढाव्यात आणि महाविद्यालयाच्या संगणकावर अन्य कार्यक्रमात उघडून पाहाव्यात.

दुसरा निकष देवनागरीचा. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठीत प्रत्येक फाँटची संकेतपद्धती वेगळी असे. फाँट नसला की मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे दिसत. युनिकोडने ही अडचण दूर केली, तरी काही बारकावे उरतात. ‘वाऱ्यावर’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर हलन्तासह येते, तर दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह येते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. शोध घेणाऱ्या यंत्राला मात्र ते भिन्न वाटू शकतात. ‘ॲ’ या अक्षरास युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. त्यामुळे त्याचीही जुनी व नवी अशी दोन रूपे आढळतात. एकाच कळफलकाचा सातत्याने वापर करणे हा यावरील सोपा उपाय होय.

तिसरा निकष आंतरजालाविना चालण्याचा. क्षेत्रीय कार्य करताना, प्रवासात किंवा वीज गेल्यावर जे साधन उघडत नाही, ते खिशातील वहीची जागा घेऊ शकत नाही.

उपयुक्त मुक्त साधने

अँड्रॉइड यंत्रांसाठी एफ-ड्रॉइड हे मुक्त कार्यक्रमांचे भांडार २०१० पासून चालू आहे. पुढीलपैकी बहुतेक साधने तेथे मिळतात. आयफोनवर एफ-ड्रॉइड चालत नाही. तथापि जॉप्लिन व किविक्स ही साधने त्या यंत्रांसाठीही उपलब्ध आहेत.

*लेखन :* स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग या संस्थेच्या ‘इंडिक कीबोर्ड’मध्ये मराठीसह अनेक भारतीय भाषांचे कळफलक आहेत. ज्यांना संगणकावरील इन्स्क्रिप्ट मांडणीची सवय आहे, त्यांना तीच मांडणी हातातही मिळते.

*टिपणे :* ‘मार्कोर’ प्रत्येक टिपण साध्या मजकुराच्या स्वतंत्र फाईलमध्ये ठेवतो. कार्यक्रम उद्या नाहीसा झाला, तरी फाईल तशीच राहते. ज्यांना वह्या, उपवह्या व चित्रे हवी असतील, त्यांनी ‘जॉप्लिन’ पाहावा. तो संगणकावरही चालतो आणि त्यातील टिपणे बाहेर काढता येतात.

*दिनदर्शिका व संपर्क :* फॉसिफायची दिनदर्शिका आयसीएस फाईल घेते व देते, तर त्याच संचातील संपर्कसूची व्हीसीएफ वापरते. परीक्षा विभागाने सत्राचे वेळापत्रक आयसीएसमध्ये तयार केले, तर प्रत्येक प्राध्यापकाला ते पुन्हा लिहावे लागणार नाही.

*पाठांतर :* ‘अँकीड्रॉइड’ प्रश्नोत्तरांची पत्रे ठराविक, वाढत्या अंतराने पुन्हा समोर आणतो. पारिभाषिक संज्ञा, व्याकरणाचे नियम, सूत्रे यांसाठी विद्यार्थ्यांना तो उपयोगी पडतो. सीएसव्ही यादीवरून संपूर्ण वर्गासाठी पत्रे तयार करता येतात.

*गोपनीयता :* हजेरी व गुण ही विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाल्याने या बाबीस कायद्याचेही अधिष्ठान लाभले आहे. अशी माहिती यंत्रात ठेवणे अपरिहार्य असेल, तर यंत्रास कुलूप-संकेत असावा. निरनिराळे परवलीचे शब्द ‘कीपासडीएक्स’मध्ये कूटबद्ध करून ठेवता येतात.

आंतरजालावरील मराठी स्रोत

वाई येथील मराठी विश्वकोश निर्मिती मंडळाचे विश्वकोशाचे खंड आंतरजालावर विनामूल्य वाचता येतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली १९७६ मध्ये पहिला खंड निघालेला हा ग्रंथराज आता खिशातून उघडतो. शब्दार्थासाठी शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई शब्दकोशांच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा १८५७ च्या आवृत्तीचा कोश, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश शोधता येतात.

मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. किविक्सच्या साहाय्याने विकिपीडिया एकदाच उतरवून घेऊन पुढे आंतरजालाविना वाचता येतो. ज्या वर्गखोलीत जोडणी मिळत नाही, तेथे ही सोय मोलाची ठरते. मराठी विकिस्रोतावर स्वामित्वहक्क संपलेले ग्रंथ मिळतात. भारतीय कायद्यानुसार हा हक्क लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. केशवसुतांचे निधन १९०५ मध्ये आणि ह. ना. आपटे यांचे १९१९ मध्ये झाल्याने त्यांचे मूळ साहित्य विद्यार्थ्यांना निःशंकपणे देता येते. प्रबंधांसाठी इन्फ्लिबनेटचे शोधगंगा आणि ग्रंथांसाठी खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय यांचाही उपयोग करावा.

मर्यादा

मुक्त सॉफ्टवेअर निर्दोष असते, असा दावा येथे नाही. अनेक साधने मोजक्या स्वयंसेवकांच्या श्रमांवर चालतात. त्यामुळे सुधारणा कधी संथ होतात, तर कधी मूळ प्रकल्प थांबतो. मराठी अनुवाद काही ठिकाणी अपुरा किंवा बोजड आहे. या शेवटच्या उणिवेवर भाषा विभाग स्वतः काम करू शकतात. अनुवादात सहभागी होण्यासाठी संगणकशास्त्राच्या पदवीची आवश्यकता नसते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पकार्यासही हा विषय योग्य आहे.

समारोप

पाम गेला, सिम्प्युटर गेला, आज हातात असलेले यंत्रही चार-पाच वर्षांत बदलेल. म्हणून कोणते यंत्र घ्यावे, या प्रश्नापेक्षा नोंद कोणत्या रूपात ठेवावी, हा प्रश्न प्राध्यापकांसाठी अधिक महत्त्वाचा आहे. प्रत्येक विभागाने महिन्याचा एक दिवस ठरवून सर्व नोंदी खुल्या फाईल-प्रकारांत बाहेर काढाव्यात. एक प्रत विभागाच्या संगणकावर आणि दुसरी वेगळ्या ठिकाणी ठेवावी. क्षेत्रीय कार्यातील टिपणे त्याच दिवशी उतरवून घ्यावीत.

लोणी काळभोरच्या बांधावर प्रस्तुत लेखकाने टिपलेले शब्द परत मिळणार नाहीत. परंतु मोटेसारखी अनेक साधने ज्यांनी वापरली, अशी माणसे प्रत्येक महाविद्यालयाच्या परिसरात अद्याप आहेत. त्यांच्याकडे जाताना खिशातील यंत्रात साधा मजकूर ठेवणारे एखादे साधन असावे, एवढीच विनंती.