वाटेवरचीं विसरलेलीं पूजास्थानें

मुंबईंत सारा जन्म घालविलेल्या एखाद्या गृहस्थास विचारून पाहावें कीं, कुलाब्याचें अफगाण चर्च आपण आंतून पाहिलें आहे काय? उत्तर बहुधा नकारार्थी येतें. पहिल्या अफगाण युद्धांत पडलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेलें आणि १८५८ सालीं प्रतिष्ठा झालेलें तें मंदिर, रंगीत कांचांतून पाझरणारा तेथील प्रकाश, भिंतींवरील स्मरणशिला, हें सर्व अगदीं हाताशीं असून अपरिचित राहतें. मोठ्या शहरांतील अशीं शांत देवघरें शोधून काढण्याचा छंद आम्हांस फार सात्त्विक वाटतो. मात्र त्यासाठीं मुंबईच पाहिजे असें नाहीं. महाड-पोलादपूरच्या मुलखांत चर्चें नसलीं, तरी तींच शांतता आणि तेंच सौंदर्य असलेलीं जुनीं पूजास्थानें पुष्कळ आहेत, आणि तींही तितकींच उपेक्षित आहेत. रायगडास, प्रतापगडास किंवा गोव्यास निघालेला प्रवासी महाडास चहा घेतो आणि पुढें जातो.

अशा प्रवाशानें महाडच्या अलीकडे गंधारपाले गांवापाशीं थांबावें. हमरस्त्याच्या कडेसच डोंगराच्या अंगावर सुमारे तीस लेणीं ओळीनें कोरलेलीं आहेत. गांवकरी त्यांस पांडवलेणीं म्हणतात. (महाराष्ट्रांतील एकूण लेण्यांचा हिशेब केला, तर बिचाऱ्या पांडवांस वनवासांत छिन्नीहातोड्यावांचून दुसरा उद्योग नव्हता असेंच म्हणावें लागेल!) वस्तुतः हीं लेणीं बौद्ध भिक्षूंचीं असून त्यांतील शिलालेख इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतले आहेत.

पायऱ्या चढून पहिल्या लेण्यांत शिरतांच मनुष्य आपोआप हळू बोलूं लागतो. बाहेर खांबांची पडवी, तिचें काम अर्धवट राहिलेलें. आंत भलें मोठें दालन आणि त्यास आधाराचा एकही खांब नाहीं. भिंतीस लागून दगडी बांक कोरलेला आहे. समोर गाभाऱ्यांत आसनस्थ बुद्ध असून त्याच्या पायाखालीं धर्मचक्र व हरिणें आहेत. पुढच्या लेण्यांतील खोल्या इतक्या लहान कीं, आमच्या घरांतील कोठीची खोलीही त्यांपेक्षां ऐसपैस म्हणावी. दगडाचा ओटा, बाहेर पाण्याचें टांकें, आणि समोर गांधारी व सावित्री यांचें खोरें. वर्षावासास भिक्षूंनीं ही उंची कां पसंत केली, हें २२ जुलै २०२१ च्या महापुरानें महाडकरांस पुरतें समजावलें आहे.

येथील एका लेखांत काणभोअ वेण्हुपालित नांवाच्या कुमाराचें दान नोंदलेलें आहे. वेण्हुपालित म्हणजे विष्णुपालित. विष्णूचें नांव धारण करणारा हा राजपुत्र भिक्षूंस लेणें देतो, चैत्यगृह देतो, आठ खोल्या देतो, आणि एवढ्यावर न थांबतां दोहों बाजूंस पाण्याचीं टांकीं व लेण्याकडे येणारी वाटही देतो. पाणी आणि वाट! दान देतांना येणाऱ्याच्या तहानेची व पायांची आठवण ठेवणारी ही बुद्धि आम्हांस तेथील शिल्पाहूनही सुंदर वाटली.

पण हा लेख वाचून पाठ फिरविली कीं खालीं महाड दिसतें, आणि महाड म्हटलें कीं चवदार तळें आठवल्यावांचून राहत नाहीं. नगरपालिकेनें १९२४ सालींच तळें सर्वांस खुलें असल्याचा ठराव केला होता. तरीही २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं आपल्या अनुयायांसह तेथील ओंजळभर पाणी घेतलें, तेव्हां गांवांत मारहाण झाली. आणि पुढें पंचगव्याच्या घागरी ओतून तळें ‘शुद्ध’ करण्यांत आलें. कोर्टाचें भांडण मिटावयास १९३७ साल उजाडलें. शुद्धीच्या घागरी वाहणारे कोणी परके नव्हते. आमच्याच आज्या-पणज्यांच्या पिढींतले, आमच्यासारखेच स्नानसंध्या करणारे लोक होते. डोंगरावरचें टांकें पाहून खालीं उतरलेल्यानें तळ्याच्या काठींही घटकाभर बसावें, असें आम्हांस वाटतें. वीरेश्वराचें दर्शन घेऊन परस्पर निघून जाणें बरें नव्हे.

सावित्रीपलीकडे कोल गांवीं आणखी कांहीं लेणीं आहेत. तीं लहान व साधीं आहेत. परंतु धम्मसिरी नांवाच्या एका विवाहित स्त्रीनें लेणें दिल्याचा लेख तेथें असल्यामुळें आमच्या भगिनींनीं तीं अवश्य पाहावीं.

पोलादपुरास हमरस्त्यालगत कवींद्र परमानंदांची समाधि आहे. शिवछत्रपतींचें चरित्र संस्कृतांत गाणारा हा कवि! त्याचें ‘शिवभारत’ अपुरेंच राहिलें, आणि त्याची पोथी मिळाली ती थेट तंजावरास. सदाशिव महादेव दिवेकर यांनीं ती मराठी भाषांतरासह १९२७ सालीं प्रसिद्ध केली. म्हणजे तळ्याचा सत्याग्रह आणि शिवभारताचें प्रकाशन एकाच वर्षांतलें. महाबळेश्वरीं जाणाऱ्या मोटारी येथूनच घाटाकडे वळतात, परंतु समाधीशीं थांबणारी मोटार विरळा. आम्ही गेलों तेव्हां तेथें आमच्यावांचून कोणी नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांस तें आवडलें.

वेळ उरल्यास काळ नदीवरील वाळणकोंडीस जावें. तेथें देऊळ म्हणावें असें फारसें कांहीं नाहीं. खोल डोह आहे, वरदायिनी देवीचें ठाणें आहे आणि डोहावरून जाणारा झुलता पूल आहे. डोहांतील मासे देवीचे म्हणून त्यांस कोणी मारीत नाहीं. मूठभर चुरमुरे टाकले कीं काळसर पाठी वर येतात. मुलें बरोबर असल्यास तेथून त्यांस परत आणणें कठीण जातें, एवढें ध्यानांत ठेवून उन्हें कलण्यापूर्वींच निघावें.