गुरुवारची सुट्टी, तीन गाड्या आणि एक फरशी पूल

ज्यांना कंपनीच्या बसमध्ये इअरफोन लावून ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय, मधले ‘म्हणजे’ आणि ‘ना’ तेवढे कमी केलेत.

पावसाळी बाईक ट्रिपवर बोला, असं बरेच जण सांगत होते. मी टाळत होतो, कारण या विषयावर बोलायचं तर एक गोष्ट सांगावीच लागणार. ती माझ्या फारशी फायद्याची नाही. पण सांगतो.

आपल्या पट्ट्यात सुट्टी रविवारची नसते, गुरुवारची असते, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. आणि त्याचा एक मोठा फायदा आहे बरं का. रविवारी लोणावळ्याकडे गाड्यांची रांग लागते, तेव्हा आपण मशीनवर असतो. आपली सुट्टी येते तेव्हा रस्ते मोकळे. त्यामुळे जून उजाडला की व्हॉट्सॲपवर सुरू होतं, ‘या गुरुवारी कुठे?’

काही वर्षांपूर्वीचा जुलै. आम्ही चौघं, गाड्या तीन. कंपनीत आम्ही एकमेकांना खात्यावरूनच हाक मारतो, तसंच इथेही म्हणतो : मेंटेनन्सवाला, क्वालिटीवाला, प्रेस शॉपवाला आणि मी. बेत भीमाशंकरचा. चाकणच्या तळेगाव चौकातून नाशिक हायवेला लागायचं, राजगुरुनगर, मंचर, मग डावीकडे घोडेगाव, डिंभे धरण, तळेघर आणि वर.

पहिली चूक निघण्याआधीच झाली. आमच्यातले दोघं थर्ड शिफ्ट करून थेट गेटवरून निघाले. ‘चहा मारला की झोप उडते’ म्हणे. उडत नाही मंडळी, फक्त लपते. आणि झोप अपुरी असली की ब्रेक दाबायला जो एक सेकंद लागतो, त्याचे दीड-दोन कधी होतात ते कळत नाही.

तो एक सेकंद म्हणजे किती?

जरा हिशोब करू. ताशी ६० किलोमीटरने गाडी चालली असेल, तर ती एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते. म्हणजे समोर म्हैस दिसली आणि बोटं लिव्हरवर पोहोचली, तोवर १७ मीटर संपले. ब्रेक अजून लागलेलाच नाही.

पुढचं अंतर रस्ता ठरवतो. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरची पकड असेल तर आणखी २० मीटरच्या आसपास गाडी थांबते. ओल्या डांबरावर तेच अंतर ३५ मीटरच्या घरात जातं. एकूण ३७ ऐवजी ५२. या मधल्या १५ मीटरमध्ये एक अख्खा कंटेनर मावतो, आणि चाकणला तो कंटेनर तिथे उभा असतोच.

रस्ता सगळ्यात निसरडा कधी असतो? धो धो पावसात नाही. पहिली सर आल्यावर. महिनोन्महिने सांडलेलं ऑइल, डिझेल, टायरचं रबर आणि धूळ, यांचा पाण्याबरोबर लगदा होतो. चांगला पाऊस पडला की तो वाहून जातो. म्हणून पहिल्या सरीत थांबून चहा प्यायचा. हा सल्ला आळशी वाटतो, पण त्यामागे शास्त्र आहे. तसंच रस्त्यावरचे पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं, पुलाच्या सांध्याच्या पट्ट्या. यांच्यावर वळतानाही ब्रेक नको आणि गाडी तिरपीही नको.

आता एबीएस. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना ते सक्तीचं झालं. त्या नियमात १२५ पर्यंतच्या गाड्यांना एबीएस नाही तर सीबीएस चालत होतं. बऱ्याच जणांना दोन्ही एकच वाटतात. तसं नाही. सीबीएस एक ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांना ब्रेक वाटून देतं, पण चाक जाम होण्यापासून वाचवत नाही. एबीएसमध्ये चाकावरचा सेन्सर वेग बघत असतो. चाक जाम होतंय असं वाटलं की क्षणभर दाब सोडतो, परत देतो, सेकंदात कित्येकदा. हाताला थरथर जाणवते. ती जाणवली की घाबरून लिव्हर सोडायचा नाही, धरून ठेवायचा. पण एक लक्षात ठेवा, एबीएस रस्त्याची पकड वाढवत नाही. असलेली पकड वापरून देतं, इतकंच. टायरच्या खाचा झिजल्या असतील, तर पाणी बाहेर जायला वाट नाही. मग सेन्सर बिचारा काय करणार?

हे सगळं आम्हाला त्या दिवशीही माहीत होतं. चाकणच्या पट्ट्यात काम करतो आम्ही, इथे बजाजच्या प्लांटमध्ये पल्सर बनते, आमच्यापैकी निम्म्यांच्या हाताखालून दुचाकीचे पार्ट जातात. गाडी आम्हाला कळत होती. पाणी कळत नव्हतं.

फरशी पूल

घोडेगावच्या पुढे मुख्य रस्ता सोडून आम्ही आत एका धबधब्याकडे वळलो. वाटेत ओढ्यावर फरशी पूल, म्हणजे कठडा नसलेला, ज्याच्यावरून पाणी जातं तसला. मेंटेनन्सवाला पहिला गेला. पाणी घोट्याइतकं. पार झाला, पलीकडून अंगठा दाखवला. आम्ही फोटो काढत पाच-दहा मिनिटं काढली. मग प्रेस शॉपवाल्याने गाडी घातली, मी मागे बसलेलो. इथे पाऊस थांबलेला होता, त्यामुळे मनात शंकाही आली नाही.

मधोमध पोहोचलो तेव्हा पाणी गुडघ्याखाली आलं होतं आणि त्याचा रंग बदलला होता. मागचं चाक आडवं सरकलं. मी उतरलो. त्याने हँडल धरून ठेवलं. गाडी पुलाच्या कडेला सरकते आहे आणि हा तिच्याबरोबर सरकतोय. मी ओरडतोय, त्याला ऐकू जात नाही. पलीकडून गुरं राखणारे एक बाबा ओरडले, ‘ए पोरा, गाडी सोड! गाडी दुसरी मिळंल!’

त्याने सोडली. गाडी खाली गेली. आम्ही एकमेकांचे दंड धरून, पाय घासत परत आलो. बाबा नंतर म्हणाले, ‘पाऊस वर पडतोय. खाली कळत नाय.’

ते एक वाक्य म्हणजे सगळं जलशास्त्र आहे. सह्याद्रीत ओढे आखूड आणि उतार तीव्र. डोंगरावर सर कोसळली की पाणी खाली यायला तास लागत नाहीत, मिनिटं पुरतात. गढूळपणा, पाण्यात पालापाचोळा, आवाज वाढणं, ही पाणी चढत असल्याची खूण.

आणि जोर किती? घरी आल्यावर मी कागदावर मांडलं. फूटभर पाणी, म्हणजे चाकं, इंजिनचा खालचा भाग आणि आपले पाय मिळून साधारण पाव ते एक तृतीयांश चौरस मीटर जागा प्रवाहाच्या समोर. पाणी ताशी सात किलोमीटरने, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने वाहत असेल, तर आडवा धक्का साधारण ६० किलोचा. आमचं आणि गाडीचं मिळून वजन २९० किलो, पण शेवाळलेल्या काँक्रीटवर पकड इतकी कमी की साठ किलोच्या धक्क्याला ती सुटू शकते. आणि खरी मेख पुढे आहे. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. म्हणून ‘मघाशी तर गेला ना तो’ हा पुरावा नाही. मघाचं पाणी वेगळं होतं.

हँडल का सोडवत नव्हतं

दुसऱ्या दिवशी गाडी खाली झुडपात अडकलेली मिळाली. गावकऱ्यांनी दोर लावून काढली. मेंटेनन्सवाल्याने स्टार्टरला हात लावू दिला नाही, आणि बरोबर केलं. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला तर पिस्टन वर येतो, पण पाणी दबत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढायचा, पाणी बाहेर काढायचं, ऑइल बदलायचं.

खर्च मोठा आला. विमा फक्त थर्ड पार्टीचा होता, आणि पुराचं नुकसान त्यात येत नाही. त्यासाठी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर लागतं. तुमची पॉलिसी आज काढून बघा.

बऱ्याच दिवसांनी कँटीनमध्ये मी त्याला विचारलं, ‘अरे, सोडत का नव्हतास?’ ताटाकडे बघत म्हणाला, ‘अकरा हप्ते राहिले होते.’

मला तेव्हा काही बोलता आलं नाही. चूक निसरड्या पुलाची होती, घाईची होती, पण हात हप्त्यांनी धरून ठेवला होता. कंत्राटावरचा पोरगा, गाडी नाही तर शिफ्टला वेळेवर जाणं नाही. त्याच्यासाठी ती गाडी म्हणजे नोकरी होती.

आपल्याच आसपास

त्याच भागात माळीण आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला, दीडशेहून जास्त माणसं गेली. एसटीचा चालक तिथे पोहोचला तेव्हा गावच दिसेना, म्हणून बाहेर बातमी कळली. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या आणि दुचाकींच्या गर्दीखाली कोसळला, चौघांचा जीव गेला. तिथे पूल धोकादायक असल्याची पाटी होती.

फिरू नका, असं मी म्हणणार नाही. आम्ही अजून जातो. धुक्यातली भीमाशंकरची वाट, तिथला शेकरू, भजीची प्लेट, हे सोडवत नाही. नियम तेवढे बदलले. नाइट शिफ्ट केलेला माणूस गाडी चालवत नाही. पाण्याखाली फरशी दिसत नसेल तर पूल ओलांडायचा नाही, मग पलीकडे कुणीही उभा असो. घाटात रस्त्यावर ताजी माती आणि बारीक दगड पडत असतील, तर थांबून सेल्फी नाही. आणि गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय आत वळायचं नाही.

शेवटचा नियम प्रेस शॉपवाल्याने घातला. निघताना गेटवर तो प्रत्येकाला विचारतो, ‘वेळ आली तर सोडशील ना?’ ज्याला पटकन हो म्हणता येत नाही, तो त्या दिवशी मागे बसतो.

भेटू पुढच्या भागात. गाडी हळू चालवा.