काळी पडणारी बाटली

बडोदा, इंदूर, बेळगाव, हैदराबाद, तुम्ही कुठूनही ऐकत असा, पिण्याचं पाणी आपण सगळे डोळ्यांनीच पारखतो. गढूळ नाही, वास नाही, म्हणजे चांगलं. मी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. माझी सगळी नोकरी अन्नाचे आणि पाण्याचे नमुने तपासण्यात गेली. त्यावरून सांगते, ही पारख पुरेशी नाही.

आयएस 10500 या भारतीय मानकानुसार पिण्याच्या 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जिवाणू सापडता कामा नये. तो आपल्या आणि जनावरांच्या आतड्यात राहतो. त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी असतात. मग एवढी कडक अट का? तो पाण्यात सापडला, म्हणजे पाण्यात विष्ठा मिसळली आहे. आणि त्याच वाटेने पटकी, विषमज्वर, कावीळ यांचे जंतूही येऊ शकतात. आम्ही एकेक रोगजंतू शोधत बसत नाही, वाट उघडी आहे का ते पाहतो.

ती बऱ्याचदा पाइपातच उघडते. पाणी ठरावीक वेळीच सोडलं जातं. ते बंद झालं की पाइपातला दाब जातो आणि फुटक्या जोडातून गटाराचं पाणी आत शिरतं. म्हणून नळाची पहिली धार पिण्यासाठी भरू नका.

हे मुलांना शिकवायला माझ्याकडे एक सोपी चाचणी आहे. मांजा, मौर्य आणि राव या भारतीय संशोधकांनी ती 1982 मध्ये प्रसिद्ध केली. निर्जंतुक बाटलीत पोषकद्रव्य लावलेली कागदाची पट्टी असते. त्यात पाणी भरून बाटली एक-दोन दिवस उबेला ठेवायची. विष्ठेतले काही जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात, तो पट्टीतल्या लोहाशी संयोग पावतो आणि पाणी काळं पडतं.

एका शाळेत टाकीच्या पाण्याची बाटली तशीच राहिली, नळाची काळी झाली. मोठी माणसं म्हणाली, बाटलीच खराब असेल. मुलांनी वाद घातला नाही. त्याच नळाच्या पाण्याच्या आणखी दोन बाटल्या भरल्या. एकीत तसंच पाणी, दुसरीत उकळून गार केलेलं. पहिली काळी झाली, दुसरी नाही. मग पाइपाचा माग काढला, तर तो नालीतून जात होता. पाइप बदलला गेला. विज्ञान म्हणजे काय, हे मला त्या वर्गाला वेगळं सांगावं लागलं नाही.

या चाचणीला मर्यादा आहेत. आर्सेनिक, फ्लोराइड तिला कळत नाहीत. काही भूजलात मुळातच सल्फाइड असतं, तिथे ती चकवते. म्हणून शंका आली की प्रयोगशाळा गाठा. वापरलेल्या बाटलीत ब्लीचिंग पावडर घालूनच ती रिकामी करा.

घरी काय कराल? पाणी खळखळून किमान एक मिनिट उकळा. क्लोरीन वापरत असाल, तर अर्धा तास थांबा. शिजवलेला भात तासन्‌तास बाहेर ठेवू नका, कारण काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. आणि बर्फ? गोठवल्याने जंतू मरतातच असं नाही. बर्फ ज्या पाण्याचा, तितकाच तो सुरक्षित.

घरातल्या मुलांनी विचारलं, "हे पाणी चांगलं कशावरून?", तर त्यांना गप्प करू नका. उत्तर त्यांच्याबरोबर शोधा.