सिकलसेल आणि छातीचे दुखणे

सिकलसेल या रोगाची पाश्चात्य वैद्यकातील पहिली नोंद जेम्स हेरिक या अमेरिकन डॉक्टरांनी १९१० साली प्रसिद्ध केली. त्यांचा रोगी ग्रेनाडा बेटावरून शिकागोस दंतवैद्यक शिकावयास आलेला एक तरुण होता. १९०४ साली तो रुग्णालयात आला तो खोकला आणि ताप घेऊन. आणि १९१६ साली मायदेशी त्याचा अंत झाला, तोही न्यूमोनियाने. रक्ताचा म्हणून ओळखला जाणारा हा रोग फुप्फुसांवर घाला घालतो, याची साक्ष अशी पहिल्या नोंदीपासूनच मिळते.

या रोगात रक्तातील हिमोग्लोबिनच्या घडणीत जन्मतःच एक सूक्ष्म दोष असतो. प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी ताठर होऊन विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. फुप्फुसाचा एखादा भाग निकामी झाला म्हणजे रक्तास प्राणवायू कमी मिळतो. त्यामुळे आणखी पेशी वाकतात आणि आणखी वाहिन्या बंद होतात. हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले की रोगी काही तासांतच अत्यवस्थ होऊ शकतो. म्हणूनच येथे निदानाचा वेळ हा उपचाराइतकाच मोलाचा ठरतो.

विदर्भ, नंदुरबार, मध्य प्रदेशातील झाबुआ व अलिराजपूर आणि दक्षिण गुजरात या भागांतील, विशेषतः आदिवासी कुटुंबांत, हा रोग आढळतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. परंतु रक्ततपासणीने रोग ओळखला म्हणजे काम संपले, असे नव्हे. प्रौढ वयात पोहोचलेल्या रोग्याच्या छातीकडे सतत लक्ष ठेवावे लागते.

हातपाय, पाठ आणि बरगड्या यांतील असह्य वेदना या रोग्यांच्या परिचयाच्याच असतात. त्यामुळे छातीत दुखू लागले तरी ‘नेहमीचेच दुखणे’ म्हणून घरचे लोक, आणि क्वचित डॉक्टरही, स्वस्थ राहतात. खरा धोका येथेच आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन पाहणीत असे दिसले की, फुप्फुसांचा तीव्र विकार झालेल्यांपैकी जवळजवळ निम्मे रोगी प्रथम दुसऱ्याच कारणासाठी, बहुधा अंगदुखीसाठी, रुग्णालयात दाखल झाले होते. छातीचा विकार सरासरी अडीच दिवसांनी प्रकट झाला. अर्थात पहिल्या दिवशीचे क्ष-किरण चित्र निर्दोष आले, एवढ्यावरून निर्धास्त राहता येत नाही. ताप, खोकला, धाप किंवा छातीत कळ यांपैकी काही दिसताच चित्र पुन्हा काढावे लागते. फुप्फुसावर नवी छाया आणि तिच्या जोडीला अशी लक्षणे, हीच या विकाराची ओळख होय. त्याच्या मुळाशी जंतुसंसर्ग असू शकतो. तसेच हाडांतील मज्जेची चरबी रक्तातून वाहत येऊन फुप्फुसात अडकलेलीही असू शकते. केवळ न्यूमोनिया समजून औषध दिल्यास उपचार अपुरा पडण्याचा संभव असतो. कित्येकांना प्राणवायू आणि रक्तही द्यावे लागते.

फुप्फुसाच्या धमनीत रक्ताची गुठळी अडकण्याचा धोकाही या रोग्यांत अधिक असतो. इतरांच्या बाबतीत डी-डायमर या रक्तचाचणीचे मान कमी आले तर गुठळीची शंका बरीचशी फिटते. सिकलसेलमध्ये मात्र हे मान एरवीही वाढलेले असते. त्यामुळे शंका बळावल्यास शिरेतून औषध देऊन सी.टी. स्कॅन करणे इष्ट ठरते.

तिसरा प्रकार हळूहळू वाढणारा आहे. फुप्फुसांच्या धमन्यांतील रक्तदाब वाढतो आणि चढण चढताना पूर्वीपेक्षा लवकर धाप लागू लागते. रक्त कमी असल्यामुळे असे होते, असा समज करून घेणे सोपे असते. हृदयाच्या प्रतिध्वनी तपासणीने, म्हणजे इकोने, शंका येते. निर्णय मात्र हृदयाच्या उजव्या भागात नळी घालून प्रत्यक्ष दाब मोजल्यावरच होतो. फ्रान्समधील ३९८ प्रौढ रोग्यांच्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत इकोने शेकडा २७ जणांत शंका दाखविली. नळीच्या तपासणीत हा विकार शेकडा ६ जणांतच सिद्ध झाला. इको पाहून घाबरून जाणे जितके चूक, तितकेच त्याकडे काणाडोळा करणेही चूक.

या सर्व तपासण्यांना आधार हवा तो रोग्याच्या स्वतःच्या नेहमीच्या स्थितीचा. बरे असतानाचे हिमोग्लोबिन, बोटास लावावयाच्या ऑक्सिमीटरवरील प्राणवायूचे प्रमाण आणि किती चालल्यावर धाप लागते, हे एका वहीत टिपून ठेवावे. एरवी ९७ असणारा आकडा ९३ वर आला, तर तो दुसऱ्या कोणास चालण्यासारखा वाटला तरी या रोग्यासाठी धोक्याची सूचना आहे. ती वही घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि ‘सिकलसेल आहे’ हे डॉक्टरांस प्रथम सांगावे. सकाळपर्यंत वाट पाहण्याचे हे दुखणे नव्हे.