किल्ली कोणाच्या हाती?

धन मिळविणे जितके अवघड, तितकेच ते राखणेही अवघड असते. पूर्वीच्या काळी लोक नाणी व दागिने हंड्यात घालून जमिनीत पुरून ठेवीत, किंवा सावकाराच्या पेढीवर नेऊन देत. पुरलेल्या हंड्याची जागा मालकावाचून कोणास ठाऊक नसे; परंतु मालक अकस्मात मरण पावला, की धनही मातीत गडप होई. पेढीवरचे धन असे हरवत नसे. मात्र पेढीवाल्याच्या सचोटीवर विसंबावे लागे, आणि कोणाजवळ किती आहे हे त्याच्या वहीत उघड दिसे. संगणकाच्या जाळ्यावर चालणारे नवे चलन आले, तरी हा जुना पेच सुटलेला नाही.

२००८ साली सातोशी नाकामोतो असे टोपणनाव घेणाऱ्या कोणा व्यक्तीने 'बिटकॉइन' या चलनाची कल्पना मांडली आणि २००९ च्या जानेवारीत ते चलन सुरू झाले. हे नाणे हातात धरता येत नाही. कोणी कोणास किती दिले, याची एक वही असते, आणि तिच्या एकसारख्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर ठेवलेल्या असतात. या वहीत माणसांची नावे नसतात. अक्षरे व अंक यांनी बनलेले लांबलचक पत्ते असतात. ही वही कोणीही उघडून वाचू शकतो.

हे चलन बाळगणाऱ्याच्या पाकिटास 'वॉलेट' म्हणतात. पण त्या पाकिटात नाणी नसतात, गुप्त किल्ली असते. ही किल्ली म्हणजे एक प्रचंड संख्या होय. ती लिहून काढली, तर तिचे अंक ७८ पर्यंत भरू शकतात. गणिताच्या साहाय्याने या किल्लीपासून पत्ता तयार होतो. परंतु पत्त्यावरून किल्ली शोधून काढता येत नाही. दुधाचे दही होते, दह्याचे पुन्हा दूध होत नाही, तसेच हे आहे. रक्कम पाठविताना गुप्त किल्लीने स्वाक्षरी करावी लागते. ती खरी आहे की खोटी, हे सर्वांना तपासता येते. किल्ली मात्र कोणास कळत नाही.

एवढी मोठी संख्या ध्यानात राहणे कठीण. म्हणून २,०४८ शब्दांच्या एका ठरावीक यादीतून १२ किंवा २४ शब्द निवडले जातात आणि ते क्रमाने लिहून ठेवतात. त्या शब्दांवरून किल्ली पुन्हा मिळविता येते. ते शब्द आणि किल्ली दोन्ही हरवली, तर दाद मागावयास कोणतीही कचेरी नाही. ते शब्द दुसऱ्याच्या हाती पडले, तर धनही त्याचेच झाले.

या धास्तीने पुष्कळ लोक आपल्या किल्ल्या एखाद्या संस्थेच्या स्वाधीन करतात. त्या संस्थेचा मोठा संगणक, म्हणजे सर्व्हर, हजारो लोकांच्या किल्ल्या एकत्र सांभाळतो. सोय खरी, पण एकाच कोठारात साऱ्या गावाचे धान्य साठवावे आणि त्या कोठाराला घूस लागावी, असा प्रसंग यातून ओढवू शकतो. जपानमधील टोकियो शहरात 'माउंट गॉक्स' नावाची अशी एक मोठी संस्था होती. २०१४ च्या फेब्रुवारी महिन्यात तिने दिवाळे निघाल्याचे जाहीर केले. सुमारे ८,५०,००० बिटकॉइन नाहीसे झाले होते. त्यांपैकी सुमारे २,००,००० पुढे सापडले. ज्यांनी विश्वासाने धन ठेवले होते, त्यांना बिटकॉइनच्या रूपात परतफेड सुरू होण्यास २०२४ साल उजाडले.

मग किल्ली स्वतःजवळ ठेवली, तर सर्व चिंता मिटते काय? तसेही नाही. चलनाची ती वही आता इतकी वाढली आहे, की ती साध्या फोनमध्ये मावत नाही. म्हणून फोन एखाद्या सामाईक सर्व्हरला विचारतो, "या पत्त्यांवर किती रक्कम आहे?" सर्व्हर उत्तर देतो. त्याला किल्ली ठाऊक नसते, त्यामुळे तो एक पैसाही चोरू शकत नाही. परंतु हे सारे पत्ते एकाच माणसाचे असावेत, हे त्याने ओळखलेले असते. पोस्टमनने पत्र फोडले नाही, तरी कोणाच्या घरी कोठून पत्रे येतात हे त्यास कळतेच!

'मोनेरो' हे चलन २०१४ साली निघाले. त्याच्या वहीत रकमा व पत्ते झाकलेले असतात, आणि मालकाजवळ दोन किल्ल्या असतात: एक पाहण्याची, दुसरी खर्च करण्याची. वही धुंडाळण्याचे कष्ट वाचावेत म्हणून मालक पाहण्याची किल्ली सर्व्हरकडे देऊ शकतो. तेव्हा त्याच्याकडे आलेली रक्कम सर्व्हरला दिसते. खर्च मात्र मालकच करू शकतो. येथे धन सुरक्षित राहते, पण हिशेबाची गुप्तता त्या एका सर्व्हरपुरती उरत नाही.

यावर उपाय आहेत. काही लोक स्वतःच्या घरीच संगणक ठेवून त्यावर संपूर्ण वही उतरवून घेतात. मग परक्यास काही विचारावे लागत नाही. काही जण तीन किल्ल्या करून त्यांतील दोन एकत्र आल्यावाचून रक्कम हलू नये, अशी व्यवस्था करतात. देवस्थानाची पेटी दोन पंच हजर असल्याखेरीज उघडू नये, असा नियम करतात, त्यातला हा प्रकार. एक किल्ली हरवली तरी धन बुडत नाही, आणि एकट्या चोराचे काम होत नाही.

प्रत्येक उपायासाठी थोडे कष्ट पडतात आणि प्रत्येक सोयीसाठी थोडा विश्वास द्यावा लागतो. म्हणून आपली ठेव दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी शहाण्या माणसाने दोन प्रश्न विचारावेत : हिची किल्ली कोणाजवळ राहणार? आणि हिचा हिशेब कोणाच्या दृष्टीस पडणार?