पोट लहान, सहल मोठी

छत्रपती संभाजीनगरला पाहुणा आला की त्याचे दोन बेत हमखास ठरतात: एक लेण्यांचा, दुसरा नान-कलियाचा. पहिल्यासाठी पाय धड लागतात, दुसऱ्यासाठी पोट. मग ज्याचं पोटच शस्त्रक्रियेनं लहान केलं आहे, त्या पाहुण्यानं काय करायचं? डबा घेऊन हॉटेलच्या खोलीत बसायचं, की ‘चार दिवस सुट्टीच तर आहे’ म्हणत सगळं पथ्य गुंडाळून ठेवायचं? दोन्हीची गरज नाही. उलट या शहराची सहल अशा पाहुण्याला चांगली मानवते. फक्त बेत जरा डोकं लावून आखावा लागतो.

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया आता नवलाईची राहिलेली नाही. खाण्याचे शौकीन म्हणून ओळखले जाणारे नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये, भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, मुंबईत ती करून घेतली आणि ‘बॅरिॲट्रिक’ हा जडजंबाल शब्द मराठी घरांत पोचला. २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना उपचारांसाठी विमानानं मुंबईत आणलं, तेव्हा तो पुन्हा चर्चेत आला. पूर्वी त्यासाठी मुंबई-पुणं गाठावं लागे. आता संभाजीनगरसारख्या शहरांतही ही शस्त्रक्रिया होते. गरजही वाढलीच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ आढळले.

या शस्त्रक्रियेचे दोन प्रकार जास्त प्रचलित आहेत. ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी शिल्लक ठेवतात. भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः या काढलेल्या भागातच तयार होतं, त्यामुळे भूकही मंदावते. ‘बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी बनवून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न कमी मावतं आणि त्यातलं सगळं अंगीही लागत नाही.

म्हणूनच या मंडळींचं जेवणाचं गणित वेगळं असतं. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं आणि दीड ते दोन लिटर पाणी, दोन्ही चिमुकल्या पोटातून पार पडायला हवं. त्यामुळे ताटात आधी प्रथिनं, मग भाजी आणि जागा उरलीच तर भाकरी-भात. घास लहान, वीस-तीस वेळा चावलेला. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. घरी हे अंगवळणी पडतं. प्रवासात मात्र उशिरा नाश्ता, धावपळीत जेवण आणि संध्याकाळी भुकेजून समोर येईल ते, अशी घडी विस्कटते.

सुरुवात वेरुळापासून करावी. शहरापासून तीसेक किलोमीटरवर, डोंगराच्या कडेनं सुमारे दोन किलोमीटर पसरलेली ३४ लेणी. इथं चालणं भरपूर, पण चढ बेताचा. सकाळी उन्हं चढण्याआधी सोळाव्या क्रमांकाचं कैलास लेणं पाहावं, मग दक्षिणेकडच्या बौद्ध लेण्यांकडे वळावं आणि दर दोन-तीन लेण्यांनंतर सावलीत टेकून चार घोट पाणी प्यावं. घोट हा शब्द महत्त्वाचा. तहान लागली म्हणून बाटली तोंडाला लावून गटागटा पिणं या पोटाला झेपत नाही, आणि राहून गेलेलं पाणी संध्याकाळी एकदम भरूनही काढता येत नाही. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याच्या नेहमीच्या कारणांत शरीरातलं पाणी कमी होणं हे एक आहे. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. या सहलीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ बरा.

अजिंठ्याचा दिवस लांबलचक. शंभर किलोमीटरचा प्रवास, फर्दापूर फाट्यावर गाडी ठेवून बसनं लेण्यांच्या पायथ्याशी जायचं आणि मग पायऱ्या. पहिला चढ दमवतो. पुढे वाघूर नदीच्या वळणाला धरून जाणारी वाट बरीच सोपी आहे. गुडघे साथ देत नसतील तर डोलीवाले असतात, त्यात कमीपणा मानायचं कारण नाही. तासन्‌तास गाडीत बसणाऱ्यांनी, विशेषतः शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, दर तास-दीड तासानं उतरून पाच मिनिटं चालावं. एका जागी बसून राहिल्यानं पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. सिल्लोडला चहासाठी थांबणं होतंच. चहा अर्धा कप, बिनसाखरेचा आणि फेरफटका मात्र पुरता.

खरी परीक्षा देवगिरीची. किल्ल्याच्या सपाट भागातून चाँदमिनारपर्यंत कुणीही रमतगमत जाईल. खंदक ओलांडून ‘अंधारी’ या काळोख्या भुयारी वाटेत शिरलं की उंच, ओबडधोबड पायऱ्या सुरू होतात आणि त्या बारादरीपर्यंत पिच्छा सोडत नाहीत. समजा, इथं येण्याआधी कुणी गरमागरम इमरतीचं एक कडं फस्त केलं. साखर लहान जठरात थांबत नाही, थेट आतड्यात उतरते आणि तिथं पाणी खेचून घेते. अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात मुरडा. याला डॉक्टर ‘डंपिंग’ म्हणतात. बायपास झालेल्यांना हा त्रास जास्त, पण स्लीव्हवालेही पुरते सुटत नाहीत. दुसरा फटका एक ते तीन तासांनी बसतो. साखरेच्या माऱ्याला उत्तर म्हणून शरीर जास्त इन्सुलिन सोडतं, रक्तातली साखर एकदम खाली येते, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. नेमक्या त्या वेळी माणूस देवगिरीच्या अर्ध्या पायऱ्यांवर असला तर प्रसंग बाका. उसाचा रस, गोड लस्सी आणि खुलताबादचा खाजा यांनाही हाच नियम लागू. गोड चाखायचंच असेल तर जेवणानंतर, चिमूटभर, आणि चढणीच्या दिवशी नाहीच.

आता नान-कलिया. मुहम्मद तुघलकाच्या लष्कराबरोबर तो इथं आल्याचं सांगितलं जातं. शस्त्रक्रिया झालेल्याला या ताटातला निम्मा भाग सोयीचा आणि निम्मा अडचणीचा. नान मैद्याचा, खमीर घालून फुगवलेला. चावल्यावर त्याचा चिकट गोळा होतो आणि तो छातीशी अडकतो. त्यावर तरी ओतली की तिखट-तेलाचा वेगळा त्रास. पण कलियातलं मटण तासन्‌तास शिजून लुसलुशीत झालेलं असतं. कोरडं, चिवट मांस या पोटाला नको असतं; हे चालतं. तेव्हा वरची तरी बाजूला सारावी, मटणाचे तीन-चार लहान तुकडे सावकाश खावेत, नानचा एक तुकडा चवीपुरता मोडावा. प्लेट दोघांत घ्यावी, म्हणजे वायाही जात नाही.

शाकाहारींची इथं अजिबात अडचण नाही. पिठलं हे बेसनाचं, म्हणजे प्रथिनांचं. मऊ पिठलं, वाटीभर दही आणि ज्वारीच्या भाकरीचा चतकोर, एवढ्यात जेवण होतं. मांसाहारी असो की अंडी खाणारा शाकाहारी, दिवसाचा हिशेब करून पाहिला तर तो अवघड नाही: सकाळी दोन उकडलेली अंडी म्हणजे १२ ग्रॅम प्रथिनं, लेण्यांत खिशातले मूठभर फुटाणे सहा, दुपारचं पिठलं-दही दहाच्या आसपास, संध्याकाळी पाण्यात कालवलेली प्रोटीन पावडर वीसेक, रात्री पन्नास-साठ ग्रॅम मटण किंवा थोडं जास्त पनीर बारा-पंधरा. बेरीज साठीला टेकते. हिवाळ्यात हुरडा पार्टीचं बोलावणं आलं तर नाही म्हणू नये. दह्याबरोबर दोन-तीन चमचे कोवळा हुरडा नीट चावून खावा आणि गुळाचा खडा दुसऱ्यांना द्यावा.

अडचण अन्नापेक्षा आग्रहाची असते. शहरात मामा-मावशी असतात, ते जेवायला बोलावतात आणि ‘काहीच खाल्लं नाहीस, एवढी एक पोळी तरी घे’ म्हणत वाढतात. एक घास जास्त गेला की छातीत दुखतं, उलटी होते आणि यजमानच ओशाळतात. त्यापेक्षा फोनवरच सांगून ठेवावं, ‘मावशी, माझं ऑपरेशन झालंय, मला वाटीभरच वाढ, पण तुझ्या हातचं वरण हवं.’ आग्रह करणाऱ्याला करायला काहीतरी दिलं की निभावतं.

व्यायामाचं म्हणाल तर सहल हाच व्यायाम. प्रौढांनी आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते; वेरूळ-अजिंठ्याच्या दोन दिवसांत तो सहज होतो. आरामाच्या दिवशी शहरातल्या लोकांबरोबर सकाळी गोगाबाबा टेकडी चढावी. वजन झपाट्यानं उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात, म्हणून खोलीत खुर्चीवरून हात न टेकता दहा-पंधरा वेळा उठबस करावी.

देवगिरीहून उतरल्यावर गुडघे बोलू लागतात आणि कुणीतरी पर्समधून दुखण्याची गोळी काढून देतं. इथं सावध राहावं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्यांनी, विशेषतः बायपासनंतर, जोडाच्या जागी व्रण पडू शकतो. कोणती गोळी चालते ते आपल्या डॉक्टरांकडून आधीच लिहून आणावं. दारू पटकन चढते आणि सोड्यानं पोट फुगतं, त्यामुळे दोन्ही टाळावं. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुट्टीवर जात नाहीत. लोह आणि कॅल्शियममध्ये किमान दोन तासांचं अंतर ठेवावं आणि सगळी औषधं हातातल्या पिशवीत असावीत.

शस्त्रक्रियेला महिना-दीड महिना झाला नसेल तर लांबचा प्रवास पुढे ढकलावा. प्रवासात दिवसभर उलट्या थांबल्या नाहीत, पाणीही टिकलं नाही किंवा एका पायाला सूज येऊन पोटरी दुखू लागली, तर हॉटेलात वाट पाहत बसू नये, थेट रुग्णालय गाठावं. आणि बुकिंगपूर्वी कॅलेंडर पाहावं: अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी.